टॅटिंग : स्प्लिट रिंग, लॉक जोड, दोरे लपवणं हे एकाच छोट्या नमुन्यात शिकता येईल का?

मोगरा_जालना

नमस्कार. शटल टॅटिंग, म्हणजे छोट्या शटलनं दोऱ्याच्या गाठी घालत केलेली लेस. तिच्यातली रिंग (गोल), चेन (कमान), पिको (टाक्यांमधला छोटा फास) आणि साधा जोड एवढं नीट जमतं. रुमालाची कड, झबल्या-टोपऱ्याची सरळ लेस इथपर्यंत हात बसलाय. आता पुढचं शिकायचंय. स्प्लिट रिंग (अर्धी एका शटलनं, अर्धी दुसऱ्या शटलनं केलेली), लॉक जोड (आतला दोरा जागीच अडकवणारा), दोरा न तोडता एका फेरीवरून वरच्या फेरीवर जाणं, आणि शेवटची टोकं गाठ न दिसता लपवणं.

अडचण अशी, की नमुने सापडतात ते सगळे मोठ्या रुमालांचे. पाच-सहा फेऱ्या झाल्यावर कुठं तरी पहिली स्प्लिट रिंग येते, आणि तिथं चुकलं की सगळंच अडून बसतं. नुसती सुटी स्प्लिट रिंग करून पाहिली तर दुसऱ्या बाजूचे टाके जागच्या जागी घट्ट बसायलेत. शटल ओढलं तरी रिंग बंदच होईना. चेनच्या कमानी पण एक लहान, एक मोठी अशा व्हायल्यात.

जवळ आहे ते असं : अँकरचा २० नंबरचा क्रोशाचा दोरा, पांढरा आणि मोरपंखी. टोकवाली दोन प्लॅस्टिकची शटलं. ०.७५ ची स्टीलची क्रोशाची सुई. एवढ्यात बसेल असा, एका बैठकीत होणारा नमुना कुणी सांगेल का? शिवाय कुठं काय चुकतं आणि का, तेही हवंय. नुसती आकड्यांची ओळ नको.


काठपदर_पैठण

मोगराताई, मोठ्या रुमालावर नवं तंत्र शिकायला जाऊच नका. शिकायचा नमुना इतका लहान हवा की चूक कुठं झाली हे हाताला आठवत असतानाच दुसरा घालायला घेता यावा. खाली देते ती चकती साधारण अडीच ते तीन सेंटीमीटरची होते. एकूण १९२ टाके. तुम्ही विचारलेली चारही तंत्रं तिच्यात एकापाठोपाठ येतात.

दोन रंग घ्याच, आणि एकाच दोऱ्यावर दोन शटलं भरायची रीत या नमुन्यापुरती बाजूला ठेवा. शटल १ वर मोरपंखी दोन मीटर, शटल २ वर पांढरा अडीच मीटर. दोरा उरेल, पण कमी पडणार नाही. दोन रंगांत चूक स्वतःहून दिसते. सगळ्या रिंगा मोरपंखी यायला हव्यात, सगळ्या चेन पांढऱ्या, आणि स्प्लिट रिंग अर्धी मोरपंखी, अर्धी पांढरी. पांढऱ्या चेनमध्ये मधेच मोरपंखी आडवी रेघ दिसली, तर तो अर्धा टाका (दोन अर्धे मिळून एक टाका) पलटलेला नाही, म्हणजे वेढा शटलच्या दोऱ्याचाच राहिलाय, हातावरच्या दोऱ्यावर गेलेला नाही. एका रंगात हीच चूक दहा टाक्यांनंतर, चेन सरकेनाशी झाल्यावर कळते.

आकड्यांमधली आडवी रेघ म्हणजे पिको.

मध, म्हणजे चकतीचा मधला भाग. शटल १ ने रिंग : २-२-२-२-२-२, बंद करा. पाच पिको झाले. सुरुवातीचं टोक १२ सेंटीमीटर सोडा. हे पिको जोडासाठी आहेत, शोभेसाठी नाहीत. दोन टाक्यांमध्ये ४ मि.मी. दोरा सोडून टाका सरकवला की पिको २ मि.मी. उंच होतो, तेवढा पुरे. याहून लहान झाला तर सुई आत जाणार नाही. मोठा झाला तर कमानी मधापासून सुटून लोंबतील.

पहिली फेरी, सहा कमानी. काम उलटवायचं नाही. पांढऱ्या दोऱ्याचंही १२ सेंटीमीटर टोक सोडा आणि मोरपंखी टोकाशी रिंगच्या बुडाला, मागच्या अंगाला साधी दुहेरी गाठ मारा. आता एक यू-पिन घ्या आणि तिचा एक पाय रिंगच्या बुडाशी धरा. चेनचा पहिला टाका त्या पायाला टेकवून घाला. ही यू-पिन फेरी संपेपर्यंत काढायची नाही, सहावा पिको नाही त्याची जागा ती राखून ठेवते. पांढरा दोरा हातावर, शटल १ उजव्या हातात : ४-४, मग मधल्या रिंगच्या पुढच्या पिकोत लॉक जोड. असं पाच वेळा. सहावी कमान ४-४ झाली की यू-पिन काढा आणि तिनं राखलेल्या फटीत लॉक जोड घ्या.

लॉक जोड नीट समजून घ्या, कारण तुमच्या लहान-मोठ्या कमानींचं उत्तर त्यातच आहे. साध्या जोडात आपण हातावरचा दोरा पिकोतून वर घेतो आणि आतला दोरा सरकता राहतो. लॉक जोडात शटलचा, म्हणजे आतलाच दोरा वर घ्यायचा. कमानीचा शेवटचा टाका झाला की आधी चेन हवी तेवढी वाकवून घ्या. शटल १ चा दोरा पिकोच्या मागे न्या, पिकोतून सुई घालून त्याचा फास समोर ओढा, फासातून शटल १ पार करा आणि ओढून बसवा. ओढताना पांढरा दोरा ढिला ठेवा आणि कमानीवरचा अंगठा हलवू नका. पांढरा ताणला गेला तर हा जोड पण पलटतो आणि साध्या जोडासारखा सरकायला लागतो. नीट बसला तर आतला दोरा तिथं कायमचा अडकतो. पुढची कमान कितीही ओढा, मागची आकसत नाही. म्हणून वाकवायचं ते जोडाच्या आधी. नंतर काहीही दुरुस्त होत नाही. जोडावर मोरपंखी ठिपका दिसेल, ती चूक नव्हे. लॉक जोड टाक्यांत मोजायचाही नाही.

कमान किती वाकवायची? शेजारचे टाके एकमेकांना टेकले की थांबा. एकमेकांवर चढायला लागले तर जास्त ओढलं. टाक्यांच्या फटींतून मोरपंखी दोरा दिसला तर कमी ओढलं. पहिली कमान पक्की झाली की बाकीच्या पाच तिच्यावर दुमडून मोजत चला.

वर चढणं. सहाव्या कमानीनंतर दोन्ही दोरे सहाव्या आणि पहिल्या कमानीमधल्या खाचेत असतात. इथं स्प्लिट रिंग : शटल १ ने ५, शटल २ ने ५. बंद केली की दोन्ही दोरे रिंगच्या डोक्यावर येतात. गाठ नाही, तोड नाही, आणि दुसरी फेरी तिथून सुरू. स्प्लिट रिंगबद्दल खाली कुणी तरी सविस्तर लिहीलच, म्हणून थांबते.

दुसरी फेरी. स्प्लिट रिंगच्या डोक्याशी पुन्हा यू-पिन. काम न उलटवता चेन ३-३, पहिल्या कमानीच्या पिकोत लॉक जोड, चेन ३-३. आता काम उलटवा, शटल १ ने रिंग ५-५, पुन्हा उलटवा. ही रिंग आत, पुढच्या खाचेकडे तोंड करून येते. ती कशालाही जोडायची नाही, दोन बाजूंच्या चेन तिला जागेवर धरतात. पुढे तसंच : चेन, जोड, चेन, रिंग. पाच खाचांत पाच रिंगा होतील, सहाव्या खाचेत आपली स्प्लिट रिंग आहेच. शेवटची चेन ३-३ झाली की यू-पिन काढून त्या फटीत लॉक जोड.

पाच रिंगांमधला मधला पिको अगदी बारीक ठेवा, पण ठेवा. कशासाठी ते रिंग उघडायची वेळ आली की कळेल.


हिमरू_संभाजीनगर

काठपदरताईंनी चकती चांगली दिली. स्प्लिट रिंगचं मी लिहितो, कारण तिथं हाताला लागलेली सवयच मोडावी लागते.

मराठवाड्यात पैठणीचा आणि हिमरूचा माग बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. मागावर धोट्यातला दोरा बाणा होतो, ताण्याच्या उभ्या दोऱ्यांना आडवा वेढत जातो. टॅटिंगच्या शटलमधला दोरा सुरुवातीला तसंच करतो. आपण शटल फिरवतो तेव्हा शटलचाच दोरा हातावरच्या दोऱ्याला वेढा घालतो. मग आपण डाव्या हाताची बोटं ढिली करतो, शटल ताणतो, आणि वेढा हातावरच्या दोऱ्यावर उडी मारतो. आता शटलचा दोरा सरळ ताणा झाला आणि हातावरचा त्याला गुंडाळला गेला. यालाच पलटी म्हणायचं. तुम्हाला रिंग-चेन जमते म्हणजे ही पलटी आता विचार न करता होते.

स्प्लिट रिंगच्या दुसऱ्या बाजूला हीच पलटी होऊ द्यायची नाही. तिथं शटल २ चा दोरा बाणाच राहायला हवा. अख्ख्या रिंगमधून एकच दोरा सरळ जातो, तो शटल १ चा. दुसऱ्या बाजूचा एक जरी टाका सवयीनं पलटला, तरी त्या जागी शटल २ चा दोरा आत आणि रिंगचा दोरा बाहेर होतो. रिंग तिथं कुलूप लागल्यासारखी अडते. तुमची रिंग बंद होत नाही ती यामुळेच.

कृती अशी. शटल १ चा दोरा हाताभोवती घ्या, नेहमीसारखे ५ टाके घाला, शटल १ खाली लोंबतं सोडा. फास हातावरून काढा आणि वरची बाजू खाली करून पुन्हा घाला. केलेले पाच टाके खाली यायला हवेत, आणि रिंगच्या बुडापासून निघणारा मोकळा दोरा बोटांवर ताठ असायला हवा. बुड चिमटीत धरा. आता शटल २ घ्या. त्याचा दोरा बुडाशीच आहे. आधी दुसरा अर्धा टाका, मग पहिला अर्धा. उलटा क्रम एवढ्यासाठी की इथं पलटी नाही. नेहमीच्या क्रमानं घातले तर टाक्यांचा चेहरा पाठीमागे जातो.

ताण कुठं ठेवायचा हे नेहमीच्या बरोबर उलट. हातावरचा दोरा सतारीच्या तारेसारखा ताठ, शटल २ चा दोरा सैल. शटल २ हळू ओढा आणि वेढा बुडाकडे ढकला. बोटं ढिली करायची नाहीत. प्रत्येक अर्ध्या टाक्यानंतर तो वेढा नखानं मागे-पुढे सरकवून बघा. सरकला तर ठीक. सरकला नाही तर तो पलटलाय, आत्ताच सोडवा. पुढचा टाका घातल्यावर सोडवणं चौपट अवघड.

पाच झाले की शटल १ ओढा. रिंग दोन्ही बाजूंनी आकसत येईल आणि शटल १, शटल २ समोरासमोर भेटतील. बंद करायच्या आधी रिंग सपाट धरून बघा. प्रत्येक टाक्यावर जी बारीक आडवी रेघ असते, ती मोरपंखी आणि पांढऱ्या दोन्ही अर्ध्यांत एकाच अंगाला दिसली पाहिजे. पांढऱ्या बाजूची मागे गेलेली दिसली तर तुमच्या हातावर फास वेगळ्या पद्धतीनं उलटतोय. मग पुढच्या वेळी अर्ध्या टाक्यांचा क्रम बदला. फास हातावर घालायच्या दोन-तीन रीती आहेत, त्यामुळे क्रमाचा नियम पाठ करण्यापेक्षा ही रेघ बघून ठरवणं खात्रीचं.

माझं मत काठपदरताईंपेक्षा एका बाबतीत वेगळं आहे. चकतीत स्प्लिट रिंग एकदाच येते. एकदा करून हात बसत नाही. चकतीच्या आधी नुसती पट्टी करा. स्प्लिट रिंग ५ / ५, तिच्या डोक्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा सहा-सात. त्या एकावर एक मण्यांसारख्या चढत जातात. अशी पट्टी पुस्तकात खूण म्हणूनही चालते, म्हणजे दोरा वाया जात नाही.


काठपदर_पैठण

हिमरूदादा, पट्टीचं मान्य. पण पट्टीवर शेवटच्या रिंगा चांगल्या यायला लागल्या की लगेच चकतीकडे या. सुटी स्प्लिट रिंग आणि खाचेत अडकलेली स्प्लिट रिंग यांत फरक आहे. खाचेत चिमटीत धरायला जागा कमी मिळते आणि शेजारची कमान दोऱ्याखाली येते. धरायच्या आधी पहिली आणि सहावी कमान मागे दुमडून अंगठ्याखाली घ्या.


मोगरा_जालना

सहा रिंगांची पट्टी झाली. पहिल्या दोन अडल्या, बाकीच्या बंद झाल्या. अर्धी मोरपंखी, अर्धी पांढरी अगदी स्वच्छ दिसायली. खूप आभार.

चकतीत मात्र दोन गोष्टी झाल्या. पहिली फेरी संपेपर्यंत सगळं सपाट होतं, दुसरी फेरी पूर्ण झाल्यावर कड वर उचलून वाटीसारखं झालंय. शिवाय दुसऱ्या फेरीतली तिसरी रिंग उलट दिशेला, बाहेरच्या अंगाला झाली आणि ते बंद केल्यावर लक्षात आलं. ती उघडायची कशी? ओढून पाहिली तर दोराच तुटेल असं वाटायलंय.


गोदाकाठ_नांदेड

आधी रिंग. बाहेरच्या अंगाला आली म्हणजे चेननंतर काम उलटवायचं राहिलं.

रिंग उघडायला तिच्या बुडाशी काहीही ओढू नका, तिथं दोरा सगळ्यात घट्ट असतो. ५-५ मधला तो बारीक पिको आता कामाला येतो. पिकोच्या दोन बाजूंचे टाके दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी एकमेकांपासून दूर सारा. मधे आतला सरळ दोरा उघडा पडेल. बोथट टोकाची शिवणाची सुई त्याच्याखाली घाला, टोकदार नको, ती दोरा चिरते. दोरा रिंगच्या बाहेर हळूहळू उचला. शेवटच्या पाच टाक्यांतून शटलकडचा दोरा मागे येईल आणि पिकोपाशी छोटा फास तयार होईल. फास एक-दीड सेंटीमीटर झाला की रिंगचा पहिला आणि शेवटचा टाका दोन नखांत धरून बुड फाकवा. पिकोपाशी जमलेला ढिला दोरा पहिल्या पाच टाक्यांतून तिकडे सरकतो आणि रिंग उघडते. दोन टप्प्यांत होतं, एका झटक्यात होत नाही. झटका दिला तर दोऱ्याचा पीळ उकलतो आणि तिथं पुढे तो तुटतो. बिनपिकोची रिंग अशी उघडणं फार जिकिरीचं, म्हणून शिकताना प्रत्येक रिंगला एक तरी पिको असू द्यावा.

दोरा उघडताना केसाळ झाला असेल तर तेवढा भाग पुन्हा वापरू नका. रिंग सोडवून, नवी रिंग थोडा चांगला दोरा पुढे घेऊन करा.

आता वाटी. पहिली फेरी सपाट होती म्हणताय, म्हणजे मध आणि कमानी बरोबर आहेत. दोष बाहेरच्या चेनमध्ये आहे. बाहेरच्या कडेला जेवढा घेर लागतो तेवढी लांबी तिथं नसली, की कड आत खेचली जाते आणि चकती वाटी होते. त्याची कारणं दोन. एक, चेन जास्त आवळल्या. १२ चेन आहेत, प्रत्येकीत अर्धा मिलीमीटर कमी पडला तरी घेरात ६ मि.मी. गेले. दुसरं, कमानीचे पिको लहान झाले, त्यामुळे बाहेरची फेरी आत ओढली गेली. कोणतं ते ओळखायला चकती पालथी टाकून अंगठ्यानं दाबा. दाबल्यावर चेनच्या टाक्यांत फटी पडून चकती सपाट होत असेल तर आवळणं जास्त झालंय. दाबूनही सपाट होत नसेल आणि कमानीचे पिको ताणलेले दिसत असतील, तर पिको लहान आहेत.

पुढच्या चकतीत आधी हात बदलून बघा, आकडे तेच ठेवा. लॉक जोडाच्या आधी आवळणं कमी करा आणि कमानीचे पिको ३ मि.मी. करा, म्हणजे टाक्यांमध्ये ६ मि.मी. सोडा. तरी वाटी झालीच तर बाहेरच्या चेन ३-३ ऐवजी ४-३ करा, आणि जोडानंतरच्या ३-४, म्हणजे दोन बाजू सारख्या दिसतात. उलट कड लाटांसारखी हलायला लागली तर टाके जास्त झाले. एकाच वेळी आकडे आणि आवळणं दोन्ही बदलू नका. नाही तर कशानं सुधारलं ते कळणार नाही.

आणि झालेली वाटी फेकू नका. एका वहीच्या पानाला शिवून ठेवा, बाजूला दोऱ्याचा नंबर, आकडे आणि ‘चेन आवळली’ एवढं लिहा. तिसऱ्या-चौथ्या चकतीला ते पान समोर असणं फार उपयोगाचं.

एप्रिल-मे मध्ये दुपारी काम करत असाल तर आणखी एक. घामट हातानं दोरा चिकट होतो, पलटी अर्धवट होते आणि माणूस जोर लावून ओढतो. आवळण्याचं ते मोठं कारण. सकाळी लवकर बसा, कोरडं सुती फडकं मांडीवर ठेवा आणि बोटं सारखी पुसत चला. हाताला क्रीम किंवा तेल लावून बसू नका, पांढऱ्या दोऱ्यावर ते पिवळं उतरतं.


सुतगुंडी_लातूर

शेवटची टोकं कुणी घेतली नाहीत, ती मी घेते.

या चकतीत टोकं चार. दोन मधली, गाठीपाशी, आणि दोन शेवटची. मधली दोन बारीक सुईनं मागच्या अंगानं टाक्यांतून ओवा, एक पहिल्या कमानीत, दुसरं सहाव्या कमानीत. तिथं काही वेगळं तंत्र नको.

शेवटच्या दोन टोकांसाठी मदतीचा दोरा आधीच घालून ठेवायचा असतो. चकती संपल्यावर आठवलं तर उपयोग नाही. पॉलिस्टरचा बारीक शिवणाचा दोरा, वेगळ्या रंगाचा, १५ सेंटीमीटर घेऊन दुमडा. दुसऱ्या फेरीची पहिली चेन सुरू करताना हा दुमडलेला दोरा शटल १ च्या दोऱ्यासोबत आत ठेवा, फास स्प्लिट रिंगच्या बाजूला बाहेर आणि दोन टोकं पुढच्या बाजूला. पहिले तीन टाके दोघांवर मिळून घाला आणि पिकोच्या आधी मदतीची टोकं मागे बाहेर काढा. शेवटच्या चेनच्या शेवटच्या तीन टाक्यांवर तसंच, पण फास आता संपणाऱ्या बाजूला. शेवटचा लॉक जोड झाला की दोन्ही दोरे १० सेंटीमीटर ठेवून कापा, एकमेकांशी एक गाठ मारा. मग एक टोक एका फासात, दुसरं दुसऱ्या फासात घाला. मदतीच्या दोऱ्याची टोकं धरून ओढा, टोक टाक्यांच्या आतून पलीकडे निघेल. दोन टोकं दोन विरुद्ध दिशांना गेल्यामुळे एका जागी गोळा होत नाही.

इथं चुकतं ते असं. फासात टोक ४-५ सेंटीमीटरपेक्षा जास्त घातलं की ओढताना दुहेरी दोरा अडकतो. २ सेंटीमीटर पुरे. टाके आवळून घातले असतील तर मदतीचा दोरा तुटतो, म्हणून ते तीन टाके जाणूनबुजून थोडे सैल घाला. क्रोशाचाच दोरा मदतीला वापरू नका, जाड पडतो. टोकं लगेच काठाला कापू नका, आधी धुवा, वाळवा, मग कापा.

तीन टाक्यांत लपवलेलं टोक रोज धुतल्या जाणाऱ्या वस्तूवर सुटू शकतं. टोपऱ्याला किंवा रुमालाला लावायची असेल तर मी अजूनही सुईनं ओवणंच धरीन. मदतीचा दोरा दिसायला सुंदर, सुई टिकायला चांगली.

धुण्याचं. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. पांढऱ्या दोऱ्यावर वाळल्यावर राखाडी झाक येते आणि चकती खरखरीत लागते. शेवटचं पाणी तरी फिल्टरचं घ्या. खळ साबुदाण्याची उत्तम. एक चमचा साबुदाणा कपभर पाण्यात तासभर भिजवा आणि पारदर्शक होईपर्यंत उकळा. दुहेरी मलमलीतून गाळा आणि गार होऊ द्या. चकती बुडवून कापडात दाबून घ्या, पिळू नका. थर्माकोलवर पातळ प्लॅस्टिक घालून तिच्यावर चकती सपाट मांडा. आधी मध, मग सहा कमानींचे पिको, मग बाहेरचे बारा, या क्रमानं टाचण्या लावा. बाहेरून सुरुवात केली तर मध वाकडा बसतो. टाचण्या गंज न लागणाऱ्याच हव्यात. साध्या टाचणीचा तांबूस ठिपका पांढऱ्या दोऱ्यातून निघत नाही. उन्हात नको, पंख्याखाली वाळवा. खळ घातलेल्या वस्तू कोरड्या डब्यात ठेवा, नाही तर झुरळं कुरतडतात.


हिमरू_संभाजीनगर

सुतगुंडीताईंचं टोपऱ्याबद्दलचं अगदी बरोबर.

मोगराताई, चकती सपाट यायला लागली की त्याच सांगाड्यावर आणखी एक तंत्र बसवता येतं. खाचांतल्या पाच रिंगांच्या जागी जोसेफिन गाठ घाला. हातावर रिंगसारखाच दोरा घ्यायचा, पण पूर्ण टाका नाही, नुसता पहिला अर्धाच, १० वेळा. ते आपोआप पिळत जातात, पिळू द्या. बंद करताना गाठ चिमटीत धरून शटल एका लयीत ओढा. मधे थांबून दुसऱ्यांदा ओढलं की पीळ वेडावाकडा बसतो आणि ही गाठ मग उघडत नाही. दहा अर्धे टाके म्हणजे लांबी रिंगपेक्षा निम्मी, त्यामुळे खाच मोकळी दिसेल. ती भरलेली हवी असेल तर १२ घ्या.

नमुने शोधताना टॅटिंग एवढाच शब्द वापरू नका. फ्रेंचमध्ये हीच कला फ्रिव्होलिते, इटालियनमध्ये क्याक्येरिनो, जर्मनमध्ये ओकी या नावानं आहे. आकडे आणि पिकोची खूण ओळखता आली की भाषा न येताही रिंग-चेनची आकृती वाचता येते. फक्त त्या नमुन्यात जोड टाक्यांत धरलाय की नाही हे आधी पाहा. पहिल्या रिंगचे जोडाआधीचे आणि नंतरचे आकडे दुसऱ्या रिंगशी ताडून पाहिले की ते कळतं.


मोगरा_जालना

दुसरी चकती : कमानीचे पिको ३ मि.मी., आवळणं कमी, आकडे तेच. सपाट आली. तिसरी रिंग गोदाकाठ यांनी सांगितलं तशी उघडली, पिकोपाशी फास निघाला आणि मग बुड सुटलं. एक पांढरी चेन मात्र अजून मोरपंखी रेघ दाखवायली, चौथ्या कमानीत, जोडानंतरचा पहिलाच टाका.


काठपदर_पैठण

जोडानंतरचा पहिलाच ना? लॉक जोड ओढून बसवल्यावर शटल १ चा दोरा ताठच राहतो आणि पांढरा ढिला, म्हणून पहिल्या टाक्याला हातावरचा दोरा ताब्यात राहत नाही, पलटी अर्धवट होते आणि शटलचाच वेढा तसाच राहतो. जोड झाला की पांढरा दोरा करंगळीभोवती एक वेढा जास्त घेऊन आधी ताब्यात घ्या, मग पहिला अर्धा टाका, आणि पलटवताना नेहमीसारखी बोटं ढिली करून शटल ताणा. पलटला की नाही ते सरकवून बघा आणि तेव्हाच दुसरा अर्धा घाला.